गेममधला घोडा झाडावर न आपटता कसा पळवावा

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ नव्याने सुरू करणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: घोडा ऐकत नाही. पळवायला जावं तर झाडावर आदळतो, थांबवायला जावं तर नेमका कड्यावरून खाली जातो. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. ‘एक्स दाबत राहा’, ‘आधी पांढरा अरबी घोडा पकडा’, ‘खेळत राहा, सवय होईल’. तिन्ही सल्ले कुचकामी आहेत आणि पहिल्याने तर उघड नुकसान होतं. या गेममधल्या घोड्याची चाल, दम आणि भीती फार विचारपूर्वक बांधलेली आहे. ती समजून घेतली तर एका संध्याकाळीच हात बसायला लागतो.

गेम २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला, पुढच्या वर्षी पीसीवर. मी बटणं प्लेस्टेशनची सांगते: एक्स म्हणजे टाच, चौकोन म्हणजे उडी. एक्सबॉक्सवर एक्सच्या जागी ए, आर-वनच्या जागी आरबी आणि चौकोनाच्या जागी एक्स धरा. कीबोर्डवर टाच मारायला डावं शिफ्ट, वेग कमी करायला कंट्रोल, उडीला स्पेस आणि शिट्टीला एच.

घोडा कोणता घ्यावा

शिकायला साधा घोडा घ्या. पहिल्या प्रकरणात मिळतो तो टेनेसी वॉकर उत्तम आहे. दुसऱ्या प्रकरणापासून इझाबेला तळ्याकाठी बर्फात पांढरा अरबी घोडा सापडतो आणि सगळे तिकडेच धावतात. तो वळण्यात इतका चपळ आहे की तुमच्या हाताच्या सगळ्या चुका तोच झाकून टाकतो. पुढे कथेत दुसऱ्या कुठल्या घोड्यावर बसायची वेळ आली की त्या चुका एकदम उघड्या पडतात. शायरसारखा ओझ्याचा घोडाही सुरुवातीला नको. अंगाने दणकट, पण वळायला जड.

चालणं, दुडकी, भरधाव

डावी स्टिक पुढे ढकलली की घोडा चालतो. एक्स एकेकदा दाबत गेलं की चाल वाढत जाते. एक्स दाबून धरलं की आहे तीच चाल टिकते, आणि सोबत कुणी असेल तर घोडा त्याच्या चालीशी जुळवून घेतो. आर-वन म्हणजे लगाम. एवढं पुरे, हे पाच मिनिटांत येतं.

वळण: सगळे इथेच अडकतात

मीही बराच काळ इथेच अडकले होते, म्हणून यावर जरा सविस्तर.

लोक घोडा स्कूटरसारखा चालवतात. हँडल फिरवलं की त्याच क्षणी पुढचं चाक वळलं पाहिजे ही अपेक्षा बोटांत भिनलेली असते. गेममधल्या घोड्याला वजन दिलेलं आहे. स्टिक डावीकडे वळवली की आधी मान वळते, मग खांदे, मग पाय नवी दिशा घेतात, आणि तोवर घोडा जुन्याच दिशेने काही हात पुढे गेलेला असतो. चालताना हा उशीर जाणवतही नाही. भरधाव पळताना तेवढ्याच उशिरात तो एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत पोचतो. ‘घोडा ऐकत नाही’ असं ज्याला म्हणतात ते नव्वद टक्के वेळा हेच असतं. त्याने ऐकलेलं असतं, तुम्ही सांगितलंत उशिरा.

आणि मग घाबरून जे होतं त्याने काम आणखी बिघडतं. झाड समोर आलं की बोट स्टिक पूर्ण कडेला लोटतं, घोडा उशिरा पण जोरात वळतो, आता उजवीकडचं झाड समोर येतं, स्टिक पुन्हा पूर्ण विरुद्ध बाजूला. दोन-तीन हेलकाव्यांत घोडा बुंध्यावर आणि आर्थर मॉर्गन, म्हणजे तुम्ही खेळता तो नायक, जमिनीवर.

यावर उपाय क्रमाचा आहे. आधी वेग कमी, मग वळण, मग पुन्हा वेग. वळण दिसताच एक्सवरचा अंगठा उचला आणि आर-वन हलकं दाबून सोडा. दाबून धरू नका, धरलंत तर घोडा थांबूनच जाईल. चाल एका पायरीने उतरली की स्टिक वळवा, आणि तीही अर्धीच. घोड्याचं तोंड मोकळ्या रस्त्याकडे सरळ झालं की मगच एक्स. बहुतेक जण वळणाच्या मधोमध टाच मारतात. त्याने घोडा बाहेरच्या बाजूला फेकला जातो, आणि डोंगराच्या वाटेवर बाहेरची बाजू म्हणजे दरी.

दुसरी गोष्ट नजरेची. घोड्याच्या पाठीकडे किंवा त्याच्या पायांपुढच्या जमिनीकडे बघत खेळू नका. पडद्यावर जिथे वाट नाहीशी होते तिथे बघा. तिथून जवळ येत जाणारी झाडं डोळ्यांना आपोआप दिसतात आणि स्टिक आधी हलते. इथे हाताची एक खरी अडचण आहे: उजवा अंगठा एक्सवर असतो, त्यामुळे त्याच अंगठ्याने कॅमेरा फिरवता येत नाही. काही जण तर्जनी वाकवून एक्सवर ठेवा आणि अंगठा स्टिकवर ठेवा असं सांगतात. माझं स्पष्ट मत आहे, तसं करू नका. बोटं दुखतात आणि त्याची गरजही नाही. सरळ रस्त्यावर घोड्याला वेग द्या, क्षणभर अंगठा उचलून कॅमेरा पुढच्या वळणाकडे वळवून घ्या, परत एक्सवर या. तेवढ्यात घोड्याची चाल फारशी पडत नाही.

तिसरी गोष्ट सांगितली की लोकांचा विश्वास बसत नाही: दाट झाडीत हात सैल सोडा. झाड अगदी समोर आलंय आणि आता वळवणं जमणार नाही असं वाटलं तर स्टिक जोरात ओढू नका, सोडून द्या. घोडा बऱ्याचदा स्वतःच अंग चोरून बाजूने निघतो. तुम्ही त्याच क्षणी उलट दिशेला ओढलंत तर त्याचा निर्णय मोडता आणि दोघंही आपटता. खऱ्या घोड्याचंही असंच असतं. माथेरानच्या लाल मातीच्या वाटेवर घोड्यावर बसलेल्या कुणालाही विचारा. पाय कुठे टाकायचा ते घोडा बघतो, बसणाऱ्याने फक्त कुठल्या बाजूला जायचं ते सांगायचं.

सराव व्हॅलेंटाइन गावाबाहेरच्या हार्टलँड्सच्या माळावर करा. तिथे झाडं तुरळक आहेत. तिथल्या खडकांमधून भरधाव न पडता जाता यायला लागलं की मग स्ट्रॉबेरीच्या बाजूच्या जंगलात जा. थेट जंगलात शिकायला गेलात तर चिडचिडच पदरात पडेल. आणि उतारावर, कितीही घाई असली तरी, दुडकीच्या वर जाऊ नका. तीव्र उतारावर घोड्याचे पाय घसरले की कुठलंच बटण कामाला येत नाही.

गेमच्या सेटिंगमध्ये घोड्याची दिशा कॅमेऱ्यानुसार की घोड्याच्या तोंडानुसार असा पर्याय मिळत असेल तर कॅमेऱ्यानुसारच ठेवा. दुसऱ्या प्रकारात घोडा तुमच्याकडे तोंड करून उभा असला की डावं-उजवं उलटं होतं आणि गोळीबारात तेवढा गोंधळ पुरतो.

दम आणि टापा

आता ‘एक्स दाबत राहा’ या सल्ल्याकडे. घोड्याच्या वेगाला कमाल मर्यादा आहे. ती गाठल्यावर कितीही भराभर टाच मारली तरी घोडा जास्त पळत नाही, फक्त दमतो. खाली कोपऱ्यातलं दमाचं वर्तुळ रिकामं झालं की आतला साठा उतरायला लागतो. त्यानंतरही टाच मारत राहिलात तर घोडा तुम्हाला पाठीवरून फेकून देतो. योग्यच करतो.

टाच टापांच्या तालावर मारायची. आवाज चालू ठेवा, पार्श्वसंगीत हवं तर कमी करा. भरधाव घोड्याच्या टापा चार वाजतात, एकामागोमाग एक, आणि मग अगदी छोटी शांतता येते. त्या शांततेत चारही पाय हवेत असतात. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून हाच क्षण पकडला आणि चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात का हा जुना वाद मिटवला. तोवरचे चित्रकार उडत्या घोड्याचे पाय पुढे-मागे ताणलेले काढत. फोटोत ते पोटाखाली गोळा झालेले दिसले. गेममध्ये कॅमेरा बाजूला नेऊन बघा, पाय बरोबर तसेच पोटाखाली येतात. त्या शांततेत एकदा एक्स. चार टापा, एक टाच. आवाज बंद ठेवून खेळत असाल तर घोड्याची मान बघा, ती दर झेपेला एकदा खाली-वर होते. या तालाने दम खूप पुरतो. तरीही वर्तुळ उतरायला लागलं तर एल-थ्री, म्हणजे डावी स्टिक आत, दाबून मान थोपटा, थोडा दम परत येतो.

लांबच्या प्रवासाला भरधाव जाण्याची गरजच नाही. खरा घोडाही पूर्ण वेगाने काही किलोमीटरच्या वर टिकत नाही, दुडकीवर मात्र बराच वेळ जातो. नकाशावर खूण करा, रस्त्याला लागा, टचपॅड दाबून धरून सिनेमॅटिक कॅमेरा चालू करा आणि एक्स धरून ठेवा. घोडा रस्त्याने स्वतः जाईल. खोगिरावर बसून आजूबाजूचा प्रदेश बघायला याहून चांगली सोय दुसऱ्या गेममध्ये मला मिळालेली नाही.

बुजणं

घोडा साप, लांडगे, कूगर, पाणथळीतल्या सुसरी यांना बुजतो. मुख्य म्हणजे त्याला त्या तुमच्या आधी कळतात. चालता चालता तो फुरफुरला, मान झटकली, पाऊल अडखळलं की पहिलं काम एल-थ्री. आर्थर त्याच्याशी बोलतो, मान थोपटतो. पुढे रेटण्यासाठी त्या वेळी एक्स दाबणं ही सगळ्यात वाईट गोष्ट. घोडा उधळतो, तुम्ही खाली पडता आणि ज्याला तो बुजला ते जनावर तिथेच असतं. आधी थोपटा, मग आल्या वाटेने मागे फिरा.

बॉन्डिंगच्या, म्हणजे घोड्याशी जुळलेल्या नात्याच्या, चार पायऱ्या आहेत आणि त्या चढत जाल तसा घोडा कमी बुजतो, शिट्टीला लांबून येतो. मागच्या पायांवर उभं राहणं, धावता धावता घसरत वळणं या करामतीही त्याच पायऱ्यांवर मिळतात. बॉन्डिंग वाढवायला खास काही करावं लागत नाही: बसा, फिरा, चारा, खरारा. चिखलाने माखलेल्या घोड्याचा दम हळू भरतो, तेव्हा खरारा हा निव्वळ सजावटीचा भाग समजू नका. गाजरं, सफरचंदं पिशवीत असू द्या. आणि ‘हॉर्स रिव्हायव्हर’ नावाचं औषध एक तरी कायम जवळ ठेवा. घायाळ झालेल्या घोड्याला वेळेत ते मिळालं नाही तर घोडा मरतो, आणि या गेममध्ये मेलेला घोडा परत येत नाही.

खाली उतरण्याआधी बंदूक निवडून घ्या, नाहीतर ती खोगिरालाच राहते. शिट्टीचा आवाज पोचेल एवढ्याच अंतरात घोडा येतो, त्याहून लांब गेलात तर पायी परतावं लागतं.

धावत्या घोड्यावरून नेम

सरळ रस्ता, एक्स धरलेलं, मग नेम. वळणावर नेम धरू नका.

दुसऱ्या गेममध्ये गेलात तर

‘द विचर ३’मध्ये तुमची घोडी रोच रस्त्यावर असली तर पळण्याचं बटण धरून स्टिक सोडून द्या, ती वळणं स्वतः घेते आणि रस्त्यावर तिचा दमही खर्च होत नाही. शॉर्टकट म्हणून शेतात घुसणारे उगाच वेळ घालवतात. शिट्टी मारली की ती जवळच कुठून तरी हजर होते. सोयीचं आहे, पण त्यामुळे घोडं कुठे बांधलंय याचा विचारच डोक्यातून जातो, आणि तिथून ‘रेड डेड’कडे येणारे सगळ्यात जास्त वैतागतात.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये रानातला घोडा पकडलात तर तो सुरुवातीला मनाला येईल तिकडे जातो. बटणाचा दोष नाही. वळून सरळ झाला की दर वेळी एल दाबून त्याला थोपटा. हे चिकाटीने केलं तर तबेल्यापर्यंत जाईस्तोवर तो बराच सुधारतो. नोंदणी करायला लगेच जा.

‘माउंट अँड ब्लेड: वॉरबँड’मध्ये घोड्याचा वेग थेट घावात मिळतो, म्हणून तिथे गर्दीत घुसून थांबणं म्हणजे मरण. लांबून सरळ रेषेत या, एकाला धरा, पलीकडे निघून जा, मोकळ्यात वळा आणि परत या.

आणि २००५ सालच्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये तर ॲग्रो या घोडीला तुम्ही चालवतच नाही, पाठीवरच्या माणसाला चालवता. तो लगाम ओढतो, टाच मारतो, पुढचं ॲग्रो ठरवते. तिथे अरुंद कड्यावर किंवा पुलावर दिशा दुरुस्त करायला जाऊ नका. टाच मारा, स्टिक सोडा, ती मधोमध नेते.