स्टार अ‍ॅक्टचे पैसे: आपल्या काँग्रेसमनच्या ऑफिसला कसं गाठायचं आणि नेमकं काय मागायचं

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी लिहितेय, कारण दर सप्टेंबरला सगळे लहान मुलांच्या कॅन्सरसाठीच्या सोनेरी रिबिनीचा डीपी लावतात आणि मग "अजून काय करता येईल" असं विचारतात, तर हे करता येतं.

लहान मुलांच्या कॅन्सरसाठी इथे स्टार अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे. ५ जून २०१८ ला त्यावर सही झाली, मग जानेवारी २०२३ मध्ये त्याची मुदत २०२८ च्या आर्थिक वर्षापर्यंत वाढवली. कायदा झाला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं वाटतं ना, पण नाही. कायद्यात एवढंच म्हटलंय की यासाठी वर्षाला ३ कोटी डॉलर द्यायला परवानगी आहे, आणि ते पैसे खरंच द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे दरवर्षीच्या बजेटमध्ये वेगळं ठरतं. त्यामुळे ज्या वर्षी कोणी विचारणार नाही त्या वर्षी कात्री लागू शकते. म्हणून काँग्रेसमनच्या ऑफिसला आपला फोन हा मुख्यतः या पैशांसाठी असतो, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

हे पैसे जातात कुठे ते माहीत असलं की बोलताना अडखळायला होत नाही. यातले २ कोटी ८० लाख नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला आणि २० लाख सीडीसीला (सरकारची रोगनियंत्रण संस्था), असा हिशोब साधारण मागितला जातो. इन्स्टिट्यूटकडचे पैसे मुलांच्या ट्यूमरचे नमुने जमवून संशोधकांना द्यायला (खास करून ज्या कॅन्सरवर अजून धड औषध नाही त्यांचे) आणि बरं झालेल्या मुलांना पुढे काय काय त्रास होतो त्यावरच्या अभ्यासाला. सीडीसीकडचे पैसे राज्यांच्या कॅन्सर रजिस्ट्रीला, म्हणजे नवीन केसची नोंद लवकर व्हावी म्हणून, नाहीतर पूर्ण आकडे हातात यायला दोनेक वर्षं जातात.

यातला सर्व्हायव्हरचा, म्हणजे बरं झालेल्या मुलांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ऑफिसात बोलायला पण तोच उपयोगी पडतो, कारण संशोधन म्हटलं की सगळेच मान डोलावतात पण बरं झालेल्या पोराला अजून कशाला डॉक्टर लागतो हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. इथे कॅन्सर झालेल्या शंभरातली साधारण ८५ मुलं पाच वर्षं पार करतात. पण डॉक्सोरुबिसिन नावाचं ते लाल रंगाचं औषध जास्त गेलं असेल तर हृदय कमजोर होऊ शकतं, आणि ते कधी कधी पंधरा-वीस वर्षांनी कळतं. सिसप्लॅटिन या औषधाने ऐकू येणं कमी होऊ शकतं. डोक्याला रेडिएशन दिलं असेल तर अभ्यासावर, उंचीवर परिणाम होतो, छातीला दिलं असेल तर मुलींना पुढे तरुण वयातच ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणजे मूल मोठं होऊन नोकरीला लागलं तरी इको, ऑडिओ टेस्ट, थायरॉइड हे चालूच.

आता मूळ काम. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, आम्ही एच-वन वर आहोत, आम्हाला चालतं का. चालतं. तुम्ही त्या मतदारसंघात राहता एवढंच ऑफिसला बघायचं असतं, सिटिझन आहात का हे सहसा विचारतही नाहीत, झिप कोड किंवा पत्ता विचारतात. ग्रीन कार्ड, एच-फोर, स्टुडंट, सगळ्यांनी फोन करावा. फक्त निवडणुकीला देणगी हा विषय वेगळा, सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले सोडून बाकीच्यांनी ती द्यायची नाही, आणि आपल्याला इथे देणगीची गरजही नाही.

मग हाउसच्या (काँग्रेसच्या खालच्या सभागृहाच्या) वेबसाइटवर झिप कोड टाकून आपला काँग्रेसमन कोण ते बघा, सिनेटर तर राज्याचे दोनच. नंबर शोधायचा कंटाळा आला तर कॅपिटॉलच्या स्विचबोर्डला लावा, २०२-२२४-३१२१, आणि नाव सांगा, ते जोडून देतात. फोन बहुतेक वेळा एखादा इंटर्न उचलतो, कॉलेजातला पोरगा किंवा पोरगी, तो वाद घालत नाही, तुमचं नाव, गाव आणि मुद्दा टिपून घेतो. त्यामुळे घाबरायचं काही कारण नाही आणि भाषणही द्यायचं नाही. इंग्रजीत बोलायचं पण मजकूर साधारण असा ठेवा:

"नमस्कार, मी अमुक, एडिसनमध्ये राहते, तुमच्या मतदारसंघातली आहे. येत्या बजेटमध्ये लेबर-एचएचएसच्या बिलात चाइल्डहुड कॅन्सर स्टार अ‍ॅक्टला पूर्ण ३ कोटी डॉलर मिळावेत अशी विनंती काँग्रेसमननी करावी, एवढं सांगायला फोन केला. माझ्या भाचीला ल्युकेमिया झाला होता, ती आता बरी आहे पण हृदयाची तपासणी आयुष्यभर करावी लागणार आहे. काँग्रेसमन याला पाठिंबा देणार आहेत का, मला ईमेलवर कळवाल का?"

झालं, मिनिटभराचं काम. यात "लेबर-एचएचएस" (कामगार, आरोग्य आणि शिक्षण खात्यांच्या खर्चाचं बिल, स्टारचे पैसे त्यातूनच येतात) आणि आकडा हे दोन शब्द सोडू नका. नुसतं "मुलांच्या कॅन्सरला सपोर्ट करा" म्हटलं तर नाही कोण म्हणणार, गोड गोड उत्तर येतं आणि विषय संपतो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. रात्री व्हॉइसमेल ठेवला तरी चालतो, फक्त पत्ता सांगायला विसरू नका नाहीतर तो मोजलाच जात नाही. पोस्टाने पत्र मात्र पाठवू नका, २००१ च्या अँथ्रॅक्स प्रकरणापासून वॉशिंग्टनच्या ऑफिसांचं टपाल तपासणी होऊन मगच पुढे जातं, आठवडेच्या आठवडे जातात.

फोनपेक्षा भेट कधीही भारी. त्यासाठी वॉशिंग्टनलाच जायला पाहिजे असं नाही, प्रत्येकाचं मतदारसंघात ऑफिस असतं आणि ऑगस्टमध्ये संसदेला सुट्टी असते तेव्हा ही मंडळी गावाकडे असतात. वेबसाइटवरच्या मीटिंग रिक्वेस्टच्या फॉर्ममध्ये विषय लिहा, आठवड्याने फोन करून आठवण करा. साहेब स्वतः भेटतीलच असं नाही, बहुधा हेल्थ बघणारा स्टाफर भेटतो आणि तो पंचविशीतला असतो, पण त्याला कमी लेखू नका, साहेबांच्या टेबलावर कागद तोच ठेवतो. पंधरा मिनिटं मिळतात. त्यातली पाच मिनिटं ओळखीत जातात म्हणून आधीच ठरवा कोण काय बोलणार. एका ताई मुलाची इकोची फाईल घेऊन गेल्या होत्या, जाडजूड, त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि शेवटचं पान उघडून दाखवलं की ही तपासणी विमा कंपनीने का नाकारली, तो स्टाफर तेवढ्याने खुर्चीत पुढे सरकून वाचायला लागला. आकड्यांचे तक्ते मी तरी नेत नाही. एक पान पुरे, त्यावर मागणी सगळ्यात वर ठळक, खाली तुमची गोष्ट चार ओळीत, शेवटी फोन नंबर. मुलाचा फोटो द्यायचा तर मुलाला विचारून द्या, बारा-तेरा वर्षांच्या पोरांना ते आवडतंच असं नाही.

वॉशिंग्टनला गेलातच तर हाउस आणि सिनेटच्या भेटी लागोपाठ घेऊ नका, दोघांची ऑफिसं कॅपिटॉलच्या दोन टोकांना आहेत, सिक्युरिटीच्या रांगेसकट अर्धा तास धरा. आणि चालायचे बूट घाला हो.

स्टाफर एक प्रश्न हमखास टाकतो, की मुलांच्या कॅन्सरच्या डेटासाठी वेगळी योजना आहे की, मग हे कशाला. ती २०१९ ला जाहीर झालेली, १० वर्षांत ५० कोटी डॉलरची डेटाची योजना. शांतपणे सांगायचं की ती माहिती एकत्र जोडण्यासाठी आहे, आणि नमुने जमवणं, राज्यांच्या रजिस्ट्री, बरं झालेल्यांवरचा अभ्यास हे स्टारमध्ये येतं, दोन्ही एकमेकांना धरून आहेत. पक्षाचा विषय काढला तर सांगा की स्टारच्या मागे सुरुवातीपासून डेमोक्रॅट सिनेटर जॅक रीड आणि रिपब्लिकन सिनेटर शेली मूर कॅपिटो दोघं होते. हे एक वाक्य दोन्हीकडच्या ऑफिसात चालतं.

वेळ फार महत्त्वाची. बऱ्याच ऑफिसांचे बजेटच्या विनंतीचे फॉर्म फेब्रुवारी ते एप्रिलच्या आसपास बंद होतात, आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणजे सप्टेंबरच्या महिन्यात रिबीन लावून फोन केला तर त्या वर्षीची गाडी बहुतेक गेलेली असते. जानेवारीतच कॅलेंडरवर टाका.

मंडळांना एक सांगायचंय. गणपतीला आपण स्थानिक नेत्यांना बोलावतो, ते येतात, शाल घेतात, प्रोक्लमेशन देतात, फोटो होतो. त्यांच्याबरोबर जो फाइल धरून उभा असतो ना, त्याचं कार्ड घ्या, पुढच्या भेटीची वाट तिथूनच मिळते. मंडळाने कोणत्या उमेदवाराचा प्रचार मात्र करायचा नाही, करसवलत असलेल्या संस्थेला ते चालत नाही. कायद्याबद्दल थोडंफार बोलता येतं, आणि तुम्ही स्वतःच्या नावाने गेलात तर ती भानगडच नाही.

अजून एक, लहानपणी टाटाला उपचार घेऊन आता इथे शिकायला किंवा नोकरीला आलेली बरीच पोरं आहेत. त्यांनी टाटाच्या एसीटी क्लिनिकमधून (उपचार संपलेल्यांसाठीचं ते क्लिनिक १९९१ पासून चालू आहे) आपल्या उपचाराचा गोषवारा मागवून ठेवावा, कुठलं औषध, एकूण किती डोस, रेडिएशन कुठे. इथल्या डॉक्टरला तो लागतोच, आणि ऑफिसात गेलात तर तोच कागद तुमची गोष्ट सांगतो.

भेटीनंतर दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा ईमेल, थँक्यू आणि मागणी परत एकदा. महिन्याने विचारा, विनंती पाठवली का. हो म्हणाले तर जाहीर आभार माना, साहेबांना टॅग करून, त्यांना ते फार आवडतं. नाही म्हणाले तर कारण विचारा आणि पुढच्या फेब्रुवारीत परत जा. हे स्टाफर वर्षा-दोन वर्षांत नोकऱ्या बदलतात, त्यामुळे नवीन माणूस आला की जुना सगळा ईमेल त्याला फॉरवर्ड करायचा, आधीच्याने काय कबूल केलं होतं त्यासकट.