एअरपोर्टला नवीन लागलात? आधी घड्याळ आणि कोड पक्के करा

ग्राउंड स्टाफमध्ये नवीन असाल तर शॉर्टफॉर्मची लांबलचक यादी घोकत बसू नका, आधी वेळ समजून घ्या. ऑपरेशन्सच्या मेसेजमध्ये वेळ बहुतेक यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या वेळेत असते, त्यालाच झुलू म्हणतात, आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे १० तारखेला पहाटे ०२:१५ ला सुटणारं विमान मेसेजमध्ये ९ तारीख २०:४५ दिसणार. रात्री बारा ते साडेपाचच्या फ्लाइट्सना हा तारखेचा घोळ हमखास होतो, त्यामुळे नाइट शिफ्टला तारीख दोनदा बघाच.

मग एसटीडी म्हणजे शेड्यूलप्रमाणे सुटायची वेळ, ईटीडी म्हणजे आताचा अंदाज, एटीडी म्हणजे प्रत्यक्षात सुटलं ती. आता गंमत अशी की सुटलं म्हणजे उडालं नाही बरं का, चॉक्स (चाकांना लावलेले ठोकळे) काढून विमान बेवरून, म्हणजे उभं असतं त्या जागेवरून, हललं की ब्लॉक ऑफ, आणि चाकं जमिनीवरून उचलली की एअरबोर्न, मध्ये टॅक्सीत, म्हणजे जमिनीवरून रनवेपर्यंत जाण्यात, कधी कधी बराच वेळ जातो. पॅसेंजरला सांगताना मात्र साधी लोकल वेळ सांगा, झुलूबिलू नको.

गोव्याचे कोड दोन आहेत, दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. बॅग टॅग लावताना शेवटचं अक्षर नीट वाचा. आणि फोनवर पीएनआर सांगताना बी, डी, पी, टी सगळे सारखेच ऐकू येतात, म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो असंच बोलायचं, सुरुवातीला लाज वाटते पण वाटू दे.