गाडी अडली की लगेच दुसऱ्यांदा चावी फिरवू नका

नागपूरला कामठी रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. ऊन तापायला लागलं की एक तक्रार हमखास येते: "दादा, काल भर दुपारी इतवारीत अडली जी! अर्धा तास चालू झाली नाही. अन् आता बघा, एका सेल्फमध्ये लागते." पूर्ण बंद पडलेल्या गाडीचा दोष सापडतो. कधीमधी अडणाऱ्या गाडीत मात्र अंदाजाने आधी बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर), आणि दोष तिथल्या तिथेच राहतो. मालकाचे पैसे असे गेलेले मला बघवत नाहीत.

म्हणून अडल्यावर आधी थांबा, मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजू द्या. एकच गोष्ट ठरवा: इंजिन फिरतंय का? सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीसारखं फिरतं पण लागत नाही, हा एक आजार. इंजिन फिरतच नाही, हा वेगळा. या दोघांची सरमिसळ झाली की पुढचं सगळं चुकतं.

फिरत नसेल तर हेडलाइट लावा आणि लाइटकडे बघत चावी फिरवा. लाइट एकदम मंद झाले आणि कटकटकट आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. लाइट जवळपास तसेच राहून एकच 'टक्' आलं, तर संशय सेल्फच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा कार्बन ब्रशवर (मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे). काहीच आवाज नाही आणि लाइट लख्ख, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही: रिले (करंट जोडणारा छोटा स्विच), इग्निशन स्विच (चावीचा) किंवा क्लच पेडलचा स्विच. पुष्कळ नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत, आणि पेडलखाली सरकलेलं मॅट तेवढ्यापुरतंही आडवं येतं. ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलमध्ये टाकून बघा.

आता मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर. साधा स्वस्तातला चालतो. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे निम्मीच भरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसले तर अल्टरनेटर चार्ज करतोय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त. त्या उष्णतेत बॅटरीचं पाणी उडतं, आतल्या प्लेटा झिजतात. म्हणून नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) मार खाल्लेली बॅटरी कित्येकदा डिसेंबरच्या गार सकाळी दगा देते.

पण आकडे बरोबर आले म्हणून समाधान मानू नका. माझ्या अनुभवात कधीमधी अडणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते अर्थिंगकडे, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन आणि बॉडीशी असलेल्या जोडणीकडे. सक्करदऱ्याच्या एका मास्तरांची गाडी आली होती, बॅटरी नवी, सेल्फही नवा, तरी दुपारी अडायचीच. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (वरच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच) धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि त्यांना सेल्फ मारायला सांगितलं. ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं होतं, तिथे एक व्होल्टच्या वर आलं. इंजिन ते बॉडी जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली गंजली होती. गरम झाली की अडायची. पट्टी काढून पॉलिशपेपरने घासून घट्ट बसवली, काम झालं. तुम्ही ही चाचणी कराल तेव्हा गियर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि ओढणी, बाही इंजिनच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर दिसला तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशने घासा, कोरडं करून लावताना पॉझिटिव्ह आधी. हाताने हललं तरी ते ढिलंच समजायचं.

इंजिन फिरतं पण लागत नाही, त्यातही गरम असतानाच, आणि थोडं थंड झालं की आपोआप लागते, असं असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा) माझ्या यादीत पहिला. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलला नाही तर संशय पक्का होत जातो, मात्र प्रत्येक गाडीत काटा दाखवतोच असं नाही. गाडीतल्या पेट्रोल पंपाचं (टाकीतून इंजिनकडे पेट्रोल ढकलणारा) तपासणं सोपं: चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, मागच्या सीटपाशी कान लावा. साधारण दोन सेकंद घूं असा आवाज यायला हवा. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी लागू न देणारी यंत्रणा. दुसरी चावी वापरून बघा.

हे सगळं फोनमध्ये लिहून ठेवा: वेळ, इंजिन गार होतं की गरम, पाऊस होता का, आवाज कोणता, लाइटचं काय झालं. आवाजाचा व्हिडिओ काढला तर फारच छान. आणि गाडी ज्या वेळी अडते त्याच वेळी आणा. दुपारची अडणारी गाडी सकाळी नऊला आणली तर मला ती आधी रिंग रोडवर फिरवून तापवावी लागते.