ओरॅकलला कनेक्शन होत नाही? टीएनएसनेम्स फाइल अशी तपासा

ओरॅकल डेटाबेसला कनेक्ट करताना ओआरए-१२१५४ हा एरर आला की बहुतेक जण लगेच टीएनएसनेम्स डॉट ओरा, म्हणजे डेटाबेसचे पत्ते लिहिलेली फाइल, उघडतात आणि त्यात काहीतरी बदलत बसतात, आणि अर्धा दिवस तिथेच जातो, कारण बऱ्याचदा क्लायंट, म्हणजे तुमच्या मशीनवरचं ओरॅकलचं कनेक्शन सॉफ्टवेअर, ती फाइल वाचतच नसतो. म्हणून फाइलला हात नंतर लावा, आधी एरर नंबर नीट बघा.

१२१५४ म्हणजे तुम्ही डेटाबेसचं जे टोपणनाव दिलंत तो एलियास क्लायंटला सापडलाच नाही. एलियास फाइलमधून घेत असाल तर प्रकरण अजून तुमच्या मशीनबाहेर गेलेलंच नाही, तेव्हा सर्व्हर चालू आहे का म्हणून डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, फोन करू नका. १२५४१ आला तर नाव सापडलं पण त्या पोर्टवर लिसनर, म्हणजे सर्व्हरवर कनेक्शन घेणारा प्रोग्राम, नाही. १२१७० म्हणजे टाइमआउट, इथे संशय आधी फायरवॉलवर घ्यायचा. ०१०१७ आला तर खरं तर खूश व्हा, कनेक्शन पोचलंय, युजर नाहीतर पासवर्ड चुकलाय एवढंच.

आता कुठली फाइल वाचली जाते ते शोधा. कमांड प्रॉम्प्टवर टीएनएसपिंग ही तपासणीची कमांड आणि पुढे एलियास टाइप करा. आउटपुटमध्ये 'यूज्ड पॅरामीटर फाइल्स' अशी ओळ येते, तिच्याखाली एसक्यूएलनेट डॉट ओरा या क्लायंटच्या सेटिंग फाइलचा पाथ असतो आणि टीएनएसनेम्स सहसा त्याच फोल्डरमध्ये असते. तिथला फोल्डर तुम्ही एडिट करताय त्या फाइलचा नसेल तर झालं, चोर सापडला. इन्स्टंट क्लायंट या छोट्या क्लायंटमध्ये टीएनएसपिंग मिळत नाही, मग टीएनएस_अ‍ॅडमिन हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघा, ते सेट असेल तर क्लायंट आधी तिथे जातो, नसेल तर ओरॅकल होमच्या, म्हणजे क्लायंट इन्स्टॉल केलेल्या फोल्डरच्या, आतल्या नेटवर्क, अ‍ॅडमिन फोल्डरमध्ये. व्हेरिएबल बदललं तर आधीपासून उघडी असलेली विंडो किंवा सर्व्हिस रिस्टार्ट करावी लागते, जुनी विंडो जुनीच व्हॅल्यू धरून बसते. मशीनवर ३२ बिट आणि ६४ बिट असे दोन क्लायंट असतील तर दोघांची होम वेगळी, म्हणून एका टूलमध्ये चालतं आणि दुसऱ्यात नाही, हा गोंधळ फार कॉमन आहे.

फाइल बरोबर असेल तर मग आतलं बघा. एंट्री साधारण अशी असते:

विक्री = (डिस्क्रिप्शन = (अ‍ॅड्रेस = (प्रोटोकॉल = टीसीपी)(होस्ट = डीबीसर्व्हर)(पोर्ट = १५२१))(कनेक्ट_डेटा = (सर्व्हिस_नेम = विक्रीडीबी)))

शेवटी तीन कंस एकत्र बंद होतात, त्यातला एक गेला की खालची चांगली एंट्रीसुद्धा बिघडते, आणि आपण मात्र चुकीच्या एंट्रीकडे बघत बसतो. एलियास ओळीच्या अगदी सुरुवातीला हवा, आधी स्पेस पडली तर ती वरच्याच एंट्रीची पुढची ओळ समजली जाऊ शकते. विंडोजवर नोटपॅडने शेवटी गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटवलंय का तेही बघा, फाइल एक्स्टेंशन लपवलेली असतील तर हे दिसतच नाही. लिनक्सवर नाव लहान अक्षरात हवं आणि तुमच्या युजरला ती वाचायची परमिशन हवी.

एसक्यूएलनेट डॉट ओरामध्ये दोनच ओळी तपासल्या तरी पुरे. नेम्स.डिरेक्टरी_पाथमध्ये, म्हणजे नाव कुठे कुठे शोधायचं त्या यादीत, टीएनएसनेम्स नसेल तर क्लायंट ती फाइल बघणारच नाही. आणि नेम्स.डिफॉल्ट_डोमेन दिलेलं असेल तर साध्या एलियासच्या मागे ते डोमेन आपोआप लागतं, मग फाइलमध्ये नुसतं 'विक्री' असून भागत नाही.

तरीही जमत नसेल तर फाइलच बाजूला ठेवा: होस्ट, कोलन, पोर्ट, स्लॅश, सर्व्हिस नेम असं थेट देऊन कनेक्ट करा, याला ईझी कनेक्ट म्हणतात. तसं चाललं तर दोष नक्की तुमच्या कॉन्फिगमध्ये. तिथेही १२५१४ आला तर लिसनर भेटतोय पण ती सर्व्हिस त्याला माहीत नाही, आता मात्र डीबीएला फोन करा आणि लिसनर स्टेटसमध्ये दिसणारं सर्व्हिस नेम जसंच्या तसं मागून घ्या, पुष्कळदा आपण सर्व्हिस नेमच्या जागी एसआयडी, म्हणजे डेटाबेस इन्स्टन्सचं वेगळं नाव, टाकलेला असतो. टीएनएसपिंग ओके आलं म्हणून इथे फसू नका, ते फक्त लिसनरपर्यंत जातं, डेटाबेसला विचारत नाही.

आणि हो, पासवर्डमध्ये अ‍ॅट चिन्ह असेल आणि तुम्ही तो एसक्यूएल प्लस या ओरॅकलच्या कमांड टूलच्या कमांडमध्येच लिहीत असाल, तर त्या चिन्हानंतरचं सगळं एलियास धरलं जातं आणि परत १२१५४ येतो. पासवर्ड कमांडमध्ये देऊच नका, तो विचारेल तेव्हा टाका.