लालपरीने लांबचा प्रवास करताना

पुणे-कोल्हापूर किंवा नाशिक-धुळे असा चार-पाच तासांचा प्रवास साध्या एसटीने करणार असाल, तर आधी जागा नीट निवडा. चाकावरची सीट टाळा, तिथे गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं. शेवटचा बाक तर नकोच. प्रत्येक खड्डा कमरेला कळतो. दोन्ही चाकांच्या मधली, डाव्या बाजूची तिसरी-चौथी रांग मला सगळ्यात बरी वाटते. खिडकीची काच खडखडत असेल तर वर्तमानपत्राची जाड घडी फटीत खुपसा, आवाज बंद होतो.

चढण्याआधी पाटीवरचं फक्त शेवटचं गाव वाचू नका, कोणत्या मार्गाने जाणार तेही बघा. त्यात तासाभराचा फरक सहज पडतो.

सुटे पैसे जवळ हवेतच. कंडक्टर बाकी रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देतात, आणि उतरायच्या गडबडीत ती राहून जाते. माझे एकदा ऐंशी रुपये असेच गेले. आपला थांबा यायच्या आधीच मागून घ्या.

सवलतीही माहीत असू द्या. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. 75 वर्षांवरच्या आजी-आजोबांना प्रवास मोफत आहे, पण वयाचा पुरावा लागतो. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्याच, त्यामुळे बेळगाव किंवा पणजीला जाताना पुढच्या टप्प्याचे पैसे वेगळे काढून ठेवा.