प्रोकमेलमधून स्क्रिप्ट चालत नसेल तर

प्रोकमेल म्हणजे आलेला मेल तुम्ही लिहिलेल्या नियमांप्रमाणे फोल्डरात टाकणारा किंवा स्क्रिप्टकडे देणारा प्रोग्राम. टर्मिनलमध्ये स्क्रिप्ट बिनचूक चालते, मेल आला की मात्र काहीच होत नाही. नवख्या माणसाचे सगळ्यात जास्त तास इथे जातात, आणि तेही स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा वाचण्यात. दोष बहुतेक वेळा स्क्रिप्टमध्ये नसतोच.

प्रोकमेल तुमच्या बॅशच्या (टर्मिनलमधल्या शेलच्या) प्रोफाइल फाइली वाचत नाही. प्रोग्राम कुठे शोधायचे त्या डिरेक्टरींची यादी, म्हणजे 'पाथ', तोकडी असते, चालू डिरेक्टरी स्क्रिप्टची नसते. म्हणून तुमच्या होममध्ये बसवलेला पायथन सापडत नाही, नुसत्या नावाने उघडलेली फाइल मिळत नाही. प्रत्येक प्रोग्राम आणि फाइल पूर्ण पाथसकट, म्हणजे रूट डिरेक्टरीपासूनच्या पूर्ण पत्त्यासकट, लिहा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. स्क्रिप्टच्या आतून बोलावलेली दुसरी स्क्रिप्टसुद्धा. मग एक खरा मेल हेडरसकट फाइलमध्ये ठेवा, 'एन्व्ह' कमांडला 'आय' पर्याय देऊन रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (तुमच्या टर्मिनलची कुठलीही सेटिंग नसताना) स्क्रिप्ट चालवा आणि ती मेलची फाइल स्टँडर्ड इनपुटवर द्या, प्रोकमेलही मेल तिथूनच देतो. इथे चालली तरच 'चालते' म्हणा. 'माझ्या टर्मिनलवर चालतंय' एवढ्यावर सोडून देणाऱ्या सीनियरचं ऐकू नका.

प्रोकमेलच्या नियमांच्या फाइलीत अगदी वर लॉगफाइल द्या आणि व्हर्बोज (सविस्तर नोंदी) चालू ठेवा. स्क्रिप्टच्या एरर त्याच लॉगमध्ये येतात. एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना परत देतो तो आकडा) १२७ दिसला तर कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे चालवायची परवानगी नाही. परवानगीसाठी सरसकट ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो घातक आहे. नियमांची फाइल इतरांना लिहिता येत असेल तर प्रोकमेल तिच्यावर विश्वासच ठेवत नाही.

आता खरी भीती: मेल हरवणं. नियमाच्या पहिल्या ओळीत 'डब्ल्यू' फ्लॅग (नियम कसा चालवायचा ते सांगणारं अक्षर) नसेल तर प्रोकमेल एक्झिट कोड बघत नाही. स्क्रिप्ट मध्येच कोसळली तरी मेल पोचला असं धरतो, आणि तो मेल कायमचा जातो. 'डब्ल्यू' लावा, आणि तपासणी चालू असेपर्यंत सगळ्यात वर 'सी' फ्लॅगचा नियम ठेवून प्रत्येक मेलची प्रत वेगळ्या फोल्डरात टाका. एवढं केलंत की बिनधास्त प्रयोग करा, काही बिघडत नाही.

छोटे मेल चालतात, अटॅचमेंटवाले अडकतात? स्क्रिप्ट फक्त हेडर वाचून बंद होत असणार. छोटा मेल पाइपच्या बफरमध्ये (प्रोकमेल आणि स्क्रिप्टमधल्या तात्पुरत्या साठ्यात) मावतो, मोठा मावत नाही आणि लॉगमध्ये लिहिण्याची एरर येते. इनपुट शेवटपर्यंत वाचा, किंवा लिहिण्याच्या एररकडे दुर्लक्ष करणारा 'आय' फ्लॅग नियमाला लावा. वाचताना बाइट म्हणूनच वाचा. प्रत्येक मेल यूटीएफ-८ मध्ये असतोच असं नाही.

दोन मेल एकदम आले तर स्क्रिप्टही दोनदा सुरू होते. ती एकाच फाइलीत लिहीत असेल तर नियमाच्या पहिल्या ओळीत फ्लॅगनंतर कोलन देऊन लॉकफाइलचं (एका वेळी एकालाच पुढे जाऊ देणाऱ्या फाइलीचं) नाव लिहा.