फुटबॉल मॅनेजरमध्ये खेळाडू घ्यायचा कसा: ॲट्रिब्यूट वाचण्याची पद्धत

भारतातल्या आयएसएल या वरच्या किंवा आय-लीग या तिच्या खालच्या फुटबॉल लीगमध्ये खान्देशातला एकही क्लब नाही. म्हणून फुटबॉल मॅनेजर २०२४ हा क्लबचा मॅनेजर होऊन संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम हातात आला की इकडचा खेळणारा 'क्रिएट अ क्लब' उघडतो, आय-लीगमधल्या एखाद्या क्लबच्या जागी जळगाव नाहीतर धुळं बसवतो, जर्सीला केळीच्या बागेचा हिरवा रंग देतो आणि थेट ट्रान्सफर विंडोत, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याच्या मुदतीत, उतरतो. विंडो बंद होते तेव्हा बजेट संपलेलं असतं आणि संघ तळाला जातो. बहुतेक वेळा कारण एकच असतं: खेळाडू घेतले, पण कोणत्या कामासाठी घेतले हे ठरलेलंच नव्हतं.

इथलं सगळं २०२४ च्या आवृत्तीला धरून आहे. २०२५ ची आवृत्ती रद्द झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या २०२६ च्या आवृत्तीत मेनू आणि रोलची (खेळाडूला मैदानावर दिलेल्या कामाची) मांडणी बदलली. नेटफ्लिक्सवरच्या मोबाइल आवृत्तीत ॲट्रिब्यूट (खेळाडूच्या एकेका गुणाचे आकडे) कमी आहेत, तरी विचार करण्याची रीत तीच राहते.

गेम सुरू करतानाच

भारताची लीग 'प्लेएबल' (खेळता येईल अशी) ठेवा, आणखी एक-दोन देशांच्या लीग 'व्ह्यू-ओन्ली' (नुसत्या बघण्यापुरत्या) ठेवा आणि ॲडव्हान्स्ड सेटअपमध्ये जाऊन ज्या देशांतले खेळाडू हवेत ते देश वेगळे जोडा. डेटाबेसमध्ये लोडच न झालेला खेळाडू कितीही शोधा, सापडणार नाही. उलट सगळ्याच लीग प्लेएबल केल्या तर ८ जीबी रॅमचा लॅपटॉप एकेक दिवस पुढे सरकताना धापा टाकतो, आणि मे महिन्यात भुसावळला कूलरही त्याला वाचवत नाही. ऑटोसेव्ह आठवड्याला एकदा तरी होईल असं लावा. लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही.

तारे कशाचे असतात

प्रोफाइलवरचे तारे म्हणजे तुमच्या सध्याच्या संघाच्या तुलनेत तो खेळाडू कुठे बसतो याविषयी तुमच्या असिस्टंटचं किंवा स्काऊटचं (खेळाडू हेरणाऱ्याचं) मत. संघ दुबळा असेल तर साधा खेळाडूही चार ताऱ्यांचा दिसतो. पुढे त्याच्यापेक्षा चांगले दोघे आले की त्याचे तारे उतरतात, खेळ मात्र तेवढाच असतो. मत देणाऱ्याचं 'जजिंग प्लेयर ॲबिलिटी' (खेळाडू पारखण्याची कुवत) २० पैकी ७-८ असेल तर तारे आणखीच बेभरवशाचे. असा स्काऊट कोणालाही बघून 'घ्या भो' म्हणतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जाणकार आधी दात बघतो, खूर उचलून बघतो, चार पावलं चालवून बघतो आणि मग किमतीचं बोलतो; रंगावर भाळणारा फसतो. ताऱ्यांकडे त्या रंगासारखं बघा.

यामागचं गणित समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. गेमच्या पोटात प्रत्येक खेळाडूला 'करंट ॲबिलिटी' आणि 'पोटेन्शियल ॲबिलिटी' असे १ ते २०० मधले दोन आकडे असतात. ते तुम्हाला दिसत नाहीत. करंट ॲबिलिटी हे एक प्रकारचं बजेट आहे; त्यातून ॲट्रिब्यूटचे खर्च भागतात आणि कोणता ॲट्रिब्यूट महाग पडणार हे खेळाडूच्या पोझिशनवर ठरतं. दोन्ही पायांनी खेळता येत असेल तर त्याचाही खर्च याच बजेटातून जातो. त्यामुळे सारख्याच ताकदीचे दोन खेळाडू आतून अगदी वेगळे निघतात. एकाने सगळं पासिंगवर आणि व्हिजनवर उधळलेलं असतं, दुसऱ्याने वेगावर. एकूण बेरीज तुमच्या कामाची नाही. खर्च कुठे झालाय ते बघायचं.

आधी काम ठरवा

मैदानी खेळाडूचे (गोलकीपर सोडून बाकी कोणाचेही) ३६ ॲट्रिब्यूट दिसतात: १४ टेक्निकल, १४ मेंटल आणि ८ फिजिकल. प्रत्येक १ ते २० मध्ये. सगळे ३६ वाचत बसलात तर डोकं फिरेल. टॅक्टिक्सच्या पानावर रोल निवडा, प्रोफाइलवर तोच रोल लावा, म्हणजे त्या रोलचे महत्त्वाचे ॲट्रिब्यूट ठळक होतात. पण एवढ्यावर थांबू नका. ठळक होणारे आकडे रोलचे असतात, तुमच्या पद्धतीचे नसतात. डिफेन्सिव्ह लाइन (बचावाची रांग) आपल्या गोलपासून किती वर आहे किंवा प्रेसिंग (चेंडूसाठी समोरच्याच्या अंगावर जाणं) किती आहे याचा हिशोब त्यात नाही.

चांगला आकडा कोणता, हेही लीगवर ठरतं. पासिंग १२ असलेला मिडफिल्डर प्रीमियर लीगमध्ये झाकला जातो, आय-लीगमध्ये तोच खेळ चालवतो. टीम रिपोर्टमध्ये तुलनेचं पान आहे, तिथे तुमच्या संघाची सरासरी लीगमधल्या इतरांशी ताडून दाखवली जाते. ती बघून साधा नियम करा: कामाचे चार-पाच ॲट्रिब्यूट लीगच्या सरासरीच्या एक-दोनने वर हवेत आणि त्यातला एकही सरासरीच्या तीनने खाली नको. दुसरी अट पहिलीपेक्षा कडक पाळा. सामना १६ मुळे जिंकण्याआधी ५ मुळे हरला जातो.

एक जागा, दोन सेंटर-बॅक

समजा सेंटर-बॅक (बचावातला मधला खेळाडू) हवाय आणि दोघे समोर आहेत. पहिला: जम्पिंग रीच १५, हेडिंग १३, स्ट्रेंग्थ १४, मार्किंग १२, टॅकलिंग १२, पोझिशनिंग ११, कॉन्सन्ट्रेशन ९, ॲक्सिलरेशन ६, पेस ७. दुसरा: जम्पिंग रीच १०, हेडिंग ११, स्ट्रेंग्थ ११, मार्किंग ११, टॅकलिंग ११, पोझिशनिंग ११, कॉन्सन्ट्रेशन १२, ॲक्सिलरेशन १२, पेस १३. असिस्टंट पहिल्याला अर्धा तारा जास्त देतो.

लाइन खाली ठेवून खेळत असाल तर पहिलाच घ्या. समोरचे क्रॉस टाकतील, हा हेडरने बाहेर काढेल आणि त्याच्या पाठीमागे धावायला जागाच नसेल. लाइन वर असेल तर मात्र त्याच्या डोक्यावरून एक लांब पास आला की खेळ खलास. ॲक्सिलरेशन ६ म्हणजे वळून वेग घ्यायलाच वेळ लागतो, आणि तोवर फॉरवर्ड गोलकीपरसमोर पोचलेला असतो. तिथे दुसरा हवा. दोन सेंटर-बॅकच्या जोडीत एक असा आणि एक तसा ठेवणं परवडतं. दोघेही पहिल्यासारखे आणि लाइन वर, हे मात्र कुठल्याच लीगमध्ये चालत नाही.

कॉन्सन्ट्रेशन ९ कडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत खाल्लेले गोल सारखे दिसत असतील तर मागच्या चौघांचा हाच आकडा आधी तपासा.

आकडे जोडीने वाचा

एकटा आकडा फसवतो. जम्पिंग रीच म्हणजे चेंडूपर्यंत डोकं पोचणं, हेडिंग म्हणजे पोचल्यावर तो हवा तिथे मारणं. हेडिंग १५ आणि जम्पिंग रीच ८ असलेल्या स्ट्रायकरला चेंडू मिळतच नाही. एकच मोठा हवा असेल तर जम्पिंग रीच घ्या.

ॲक्सिलरेशन म्हणजे पूर्ण वेग पकडायला किती वेळ लागतो, पेस म्हणजे तो पूर्ण वेग किती. विंगरला आणि फॉरवर्डला दोन्ही हवेत, पण पेनल्टी एरियाच्या आसपास खेळणाऱ्याला ॲक्सिलरेशन जास्त उपयोगी. मॅच इंजिनमध्ये (गेमच्या सामना खेळवणाऱ्या भागात) या दोघांचं वजन मोठं आहे आणि खालच्या लीगमध्ये तर फारच. तांत्रिक बाजूने लंगडा पण पळणारा फॉरवर्ड आय-लीगमध्ये गोल करतो, उलटा क्वचित. बजेट तुटपुंजं असेल तर पहिला पैसा इथे घाला.

वर्क रेट म्हणजे पळायची तयारी, स्टॅमिना म्हणजे पळायची कुवत. वर्क रेट १६ आणि स्टॅमिना ८ असलेला मिडफिल्डर साठाव्या मिनिटाला बसतो. नॅचरल फिटनेस वेगळा: एका सामन्यातून दुसऱ्यापर्यंत खेळाडू किती लवकर सावरतो आणि वय वाढल्यावर शरीर किती टिकतं ते त्यावर ठरतं. प्रेसिंग करणाऱ्या संघाला हे तिन्ही लागतात, जोडीला टीमवर्क.

ॲग्रेशन हा गुण की दोष, हे टॅकलिंग आणि डिसिजन्स बघितल्याशिवाय सांगता येत नाही. ॲग्रेशन १६, टॅकलिंग १३, डिसिजन्स १२ म्हणजे उत्तम बॉल विनिंग मिडफिल्डर. ॲग्रेशन तेवढंच आणि बाकी दोन्ही ८ असतील तर दर सामन्याला पिवळं कार्ड धरून चाला.

पासिंग, व्हिजन आणि टेक्निक यांचंही तसंच. व्हिजनला पास दिसतो, पासिंग आणि टेक्निक तो पोचवतात, आणि अंगावर माणूस आला असताना चेंडू पायात राहतो तो फर्स्ट टच आणि कम्पोजरमुळे. डीप लाइंग प्लेमेकर (मागे राहून पासने खेळ चालवणारा मिडफिल्डर) घेताना कम्पोजर ७ दिसला तर पुढचं पान उघडूच नका.

स्ट्रायकरमध्ये नवखा फिनिशिंग बघतो. ऑफ द बॉल (चेंडू नसताना जागा शोधणं) आणि ॲन्टिसिपेशन (पुढचं आधीच ओळखणं) कमी असेल तर तो योग्य जागी पोचतच नाही, मग फिनिशिंग १५ कोपऱ्यात पडून राहतं. पोचर या रोलला, म्हणजे गोलसमोर टपून बसणाऱ्या स्ट्रायकरला, फिनिशिंग, ऑफ द बॉल, ॲन्टिसिपेशन, कम्पोजर हे चार पुरतात. ॲडव्हान्स्ड फॉरवर्डला यात ड्रिब्लिंग, फर्स्ट टच, टेक्निक आणि ॲक्सिलरेशनची भर लागते, म्हणून तो महाग पडतो.

गोलकीपरचे ॲट्रिब्यूट वेगळे. रिफ्लेक्सेस, हँडलिंग, वन ऑन वन्स, एरियल रीच, पोझिशनिंग आणि ॲजिलिटी बघा. एक्सेन्ट्रिसिटी जास्त असणं ही बढाई मारायची गोष्ट नाही. असा कीपर भलत्या वेळी भलतीकडे सापडतो. पंचिंग आणि रशिंग आउट हे कौशल्याचे आकडे नसून सवयीचे आहेत, तेव्हा ते मोठे की लहान यावरून चांगला-वाईट ठरवू नका.

कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी, लाँग थ्रो यांना प्रत्येकी एकेक माणूस पुरे. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

शोध कसा लावायचा

खेळाडू शोधण्याच्या पानावर नवीन शोध उघडा. पोझिशन, वय आणि पगाराची मर्यादा आधी टाका, मग कामाचे सहा ते आठ ॲट्रिब्यूट 'किमान' अटीने. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळ्या अटी सक्तीच्या करणं. पोझिशनिंग १२ च्या जागी ११ असलेला, बाकी सगळं भरगच्च असलेला खेळाडू यादीतून उडतो. आठपैकी सहा अटी जुळल्या तरी चालतील असं लावा. यादीत तीनशे नावं आली तर एकेक आकडा वाढवत न्या. रिकामी आली तर आधी पोझिशनिंगसारखी अट सैल करा, वेगाला हात लावू नका.

स्काऊटिंग पूर्ण झालेलं नसेल तर आकडा ८–१४ असा पट्ट्यात दिसतो. डोळे १४ वर जातात. तुम्ही १० धरून चाला, आणि १० ला तो नको असेल तर स्काऊट पाठवण्यात अर्थ नाही. क्लब नसलेल्या खेळाडूला ट्रायलला बोलावणं हा गरीब क्लबचा सगळ्यात चांगला उपाय आहे. तो तुमच्याकडे सराव करतो तसतसे पट्टे अरुंद होतात.

आयएसएलपर्यंत चढलात की मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू चालतात. हे चौघे संघाच्या कण्यात घाला: सेंटर-बॅक, सेंट्रल मिडफिल्डर, स्ट्रायकर. परदेशी फुल-बॅकवर (बचावात कडेला खेळणाऱ्यावर) जागा वाया घालवू नका, ते काम करणारा भारतीय खेळाडू सापडतो. कोणत्याही लीगचे नोंदणीचे नियम करार करण्याआधी स्पर्धेच्या नियमांच्या पानावर वाचा.

जे पडद्याआड आहे

कन्सिस्टन्सी, इम्पॉर्टन्ट मॅचेस, इन्जुरी प्रोननेस, डर्टिनेस हे आकडे कधीच दिसत नाहीत. पण स्काऊट रिपोर्टच्या जमेच्या आणि उणे बाजूंत त्यांची चाहूल लागते. वारंवार जखमी होतो, मोठ्या सामन्यात दबतो, खेळात सातत्य नाही, अशी ओळ दिसली की किंमत पाडायला ती वापरा, नाहीतर सोडून द्या. दुखापतींचा इतिहासही उघडून बघा.

पर्सनॅलिटी तरुण खेळाडूंसाठी फार महत्त्वाची. मॉडेल प्रोफेशनल, प्रोफेशनल, रिझोल्यूट, परफेक्शनिस्ट असा शब्द असेल तर पोर वाढतं. स्लॅक किंवा कॅज्युअल असेल तर पोटेन्शियलचे पाच तारेही शेवटी कागदावरच राहतात. डिटर्मिनेशनवरून मात्र उगाच हुरळून जाऊ नका. १८ डिटर्मिनेशनने पेस ६ भरून निघत नाही.

वय आणि करार

तिशी ओलांडली की पेस, ॲक्सिलरेशन, स्टॅमिना उतरू लागतात; पोझिशनिंग, डिसिजन्स, ॲन्टिसिपेशन टिकतात. म्हणून ३२ वर्षांचा सेंटर-बॅक किंवा होल्डिंग मिडफिल्डर चालतो, ३२ वर्षांचा विंगर सहसा अंगाशी येतो. गोलकीपर आणखी काही वर्षं पुढे जातो. तिशीपुढच्याला एक वर्षाचा करार द्या आणि पुढचं वर्ष सामन्यांच्या संख्येवर वाढेल अशी अट घाला. तीन वर्षांचा मागत असेल तर त्याच्या एजंटला चहा पाजून परत पाठवा.

उलट १९-२० च्या पोरात फिजिकल आकडे आजच भक्कम हवेत. तांत्रिक आणि मेंटल बाजू सरावाने आणि सामन्यांनी वाढतात, पण ॲक्सिलरेशन ८ असलेलं पोर १४ वर जाईल ही आशा धरून पैसे मोजू नका. करार संपायला सहा महिने उरलेले खेळाडू आधी चाळा. करार संपल्यावर ते आले तर ट्रान्सफर फी द्यावी लागत नाही, आणि वाचलेला पैसा पगारात घालता येतो.